उपग्रह-निरीक्षणांवरून देशाच्या मिथेन-उत्सर्जनातील बदल कसा मोजावा

एकाच देशाचे दोन वर्षांचे मिथेन-नकाशे शेजारी ठेवायचे आणि दुसरा अधिक लाल दिसतो म्हणून उत्सर्जन वाढले असे लिहून मोकळे व्हायचे, अशा स्वरूपाचे मसुदे माझ्याकडे तपासणीसाठी सातत्याने येतात. त्यांतले बहुतेक निष्कर्ष चुकीचे असतात. उपग्रह उत्सर्जन मोजत नाही. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या हवेच्या स्तंभात मिथेनचे सरासरी प्रमाण किती आहे, एवढेच तो सांगतो. त्या प्रमाणातला फार मोठा वाटा जगभरातून आणि मागील अनेक वर्षांतून आलेला असतो. म्हणून देशाच्या उत्सर्जनात बदल झाला असे म्हणण्यापूर्वी मोजमाप, निरीक्षणांची संख्या, बाहेरून येणारी हवा आणि गणिताची गृहीतके यांत बदल झालेला नाही, हे दाखवावे लागते. पुढील टप्प्यांचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे आणि तो मोडू नये.

## टप्पा १: अपेक्षित संकेत आधी कागदावर मोजा

डेटा उतरवण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहा: कोणत्या भूभागाचे, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे आणि किमान किती टक्क्यांचा बदल ओळखायचा आहे. त्यानंतर हा बदल उपग्रहाला दिसण्याइतका मोठा आहे का, याचा ढोबळ हिशेब करा.

समजा, सुमारे ५०० किलोमीटर रुंदीच्या प्रदेशातून वर्षाला १० लाख टन मिथेन बाहेर पडते, म्हणजे सेकंदाला साधारण ३२ किलो. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असेल, तर प्रदेशाच्या वाऱ्याखालच्या कडेला प्रत्येक चौरस मीटरवरील स्तंभात सुमारे १३ मिलिग्रॅम मिथेनची भर पडते. एका चौरस मीटरवरील हवेचे वस्तुमान अंदाजे १० हजार किलो असते. तेव्हा ही भर प्रमाणाच्या भाषेत जेमतेम २ पीपीबी (हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे २ रेणू) भरते, आणि उत्सर्जनात २० टक्के घट झाली तर फरक पडतो तो अर्ध्या पीपीबीहूनही कमी. याउलट स्तंभातील एकूण प्रमाण १८०० ते १९०० पीपीबींच्या घरात असते, एकेका निरीक्षणाची यादृच्छिक चूक १० पीपीबींच्या आसपास असते, आणि २०२०, २०२१ व २०२२ या तिन्ही वर्षांत जागतिक पातळी दरवर्षी १० पीपीबींहून अधिक वाढली. मोजायचा बदल आणि त्याभोवतीची हालचाल यांचे हे प्रमाण पुढच्या प्रत्येक टप्प्यात डोळ्यांसमोर ठेवा.

तपासणी: तुमच्या देशाचा अपेक्षित बदल दशांश पीपीबींत येत असेल, तर वर्ष-वर्ष तुलनेचा आग्रह सोडून बहुवर्षीय कल शोधा.

## टप्पा २: कामानुसार उपग्रह निवडा

या कामात दोन प्रकारची साधने आहेत आणि ती एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. पहिला प्रकार मोठ्या क्षेत्राची सरासरी स्थिती दाखवतो. सेंटिनेल-५ पी या उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये अवकाशात गेले. त्याचा पट्टा सुमारे २६०० किलोमीटर रुंद आहे आणि स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास ते रोज जवळजवळ सर्व पृथ्वीवरून जाते. जानेवारी २००९ मध्ये सोडलेला जपानचा गोसॅट सुमारे १० किलोमीटर व्यासाचे विरळ ठिपके मोजतो, मात्र त्याची नोंद बरीच जुनी आहे. राष्ट्रीय बेरजेसाठी हे दोन मुख्य आधार आहेत.

दुसरा प्रकार एकेका स्रोतातून निघणारा वायूचा झोत टिपतो. जीएचजीसॅट, टॅनेजर-१, अंतराळ स्थानकावरील एमिट आणि सेंटिनेल-२ यांची पिक्सेल काही दहा मीटरांची असतात. त्यामुळे गळणारी वाहिनी, खाणीचा वायुवीजन-मार्ग किंवा कचरा-डेपो ओळखता येतो. तथापि दिसलेल्या झोतांची बेरीज म्हणजे देशाचे उत्सर्जन नव्हे. गुरांचे गोठे, भातशेती आणि असंख्य लहान गळत्या या साधनांच्या ओळखमर्यादेखाली राहतात. शिवाय झोत हा त्या घटकेचा असतो. दुपारी ताशी ५ टन दिसलेली गळती वर्षभर तशीच चालली असे धरून ८७६० तासांनी गुणणे ही अतिशय नेहमीची आणि निष्कर्ष पार बिघडवणारी चूक आहे.

इशारा: झोतांची संख्या वाढली म्हणजे उत्सर्जन वाढले असे नाही. नवे उपग्रह सोडले गेले, आकाश अधिक दिवस निरभ्र राहिले किंवा शोधणाऱ्यांचे लक्ष त्या भागाकडे वळले, तरी ही संख्या वाढते.

## टप्पा ३: डेटा एकाच आवृत्तीचा घ्या आणि मग गाळा

ट्रोपोमीचा मिथेन-डेटा २०१८ च्या एप्रिलअखेरीपासून उपलब्ध आहे. वर्णपटावरून प्रमाण काढण्याची पद्धत वेळोवेळी सुधारली जाते आणि प्रत्येक सुधारणेने मूल्ये थोडी सरकतात. नियमित प्रवाहातील फायली जशा येतील तशा साठवत गेल्यास पहिली वर्षे जुन्या पद्धतीची आणि शेवटची वर्षे नव्या पद्धतीची राहतात. जोडावरची पायरी मग आलेखात उत्सर्जनातील बदलासारखी दिसते. म्हणून संपूर्ण कालखंड एकाच आवृत्तीने पुन्हा काढलेला संच घ्यावा, आणि प्रत्येक फाइलमधील आवृत्ती-क्रमांक आज्ञावलीने वाचून खात्री करून घ्यावी. फाइलच्या नावावर विसंबू नये.

गाळणीचा क्रम असा ठेवा.

१. गुणवत्ता-मूल्य ०.५ हून अधिक असलेलीच निरीक्षणे ठेवा, आणि दिलेल्या दोन रकान्यांपैकी पद्धतशीर चूक दुरुस्त केलेला रकाना वापरा.

२. बर्फाच्छादित पृष्ठभाग वगळा. यासाठी जवळच्या अवरक्त पट्ट्यातील परावर्तनाला २.४ ने गुणून त्यातून लघुलहरी अवरक्त पट्ट्यातील परावर्तनाची १.१३ पट वजा करतात. उत्तर ०.८५ हून अधिक आल्यास तो पिक्सेल सोडून देतात.

३. किनाऱ्यावरचे, जमीन व पाणी मिसळलेले पिक्सेल काढा. काळसर पृष्ठभाग आणि धुळीचे लोट असलेले दिवस स्वतंत्रपणे तपासा, कारण तेथे प्रमाण कृत्रिमरीत्या कमी किंवा जास्त येते.

४. उपग्रहाच्या मार्गाला समांतर पट्टे दिसत असल्यास ते दुरुस्त करा.

उंचीचा परिणाम नवख्यांना हमखास फसवतो. स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, मिथेन कमी असते. डोंगराळ भागात हवेचा खालचा थर पातळ असल्याने स्तंभात स्थितांबराचा वाटा वाढतो आणि सरासरी प्रमाण घटते. पठार निळे आणि खोरे लाल दिसले, म्हणून खोऱ्यात स्रोत आहे असे ठरत नाही.

तपासणी: गाळणीनंतर दर महिन्याला, नकाशाच्या जाळीतील दर चौकटीत किती निरीक्षणे उरली याचा तक्ता करून जपून ठेवा. जमिनीवरील एकूण निरीक्षणांपैकी फार थोडी, ढोबळमानाने शंभरातील तीनच, या चाळणीतून उतरतात. सातव्या टप्प्यात निर्णय याच तक्त्यावर होणार आहे.

## टप्पा ४: पूर्व-अंदाज ठरवा आणि तो सर्व वर्षांसाठी तोच ठेवा

सहाव्या टप्प्यातील गणिताला सुरुवातीचा अंदाज लागतो, म्हणजे कोणत्या चौकटीतून कोणत्या क्षेत्राचे किती मिथेन निघते याचा नकाशा. तेल, वायू व कोळशासाठी देशांनी संयुक्त राष्ट्रांना कळवलेल्या आकड्यांची जागेनुसार वाटणी करणारी जीएफईआय ही यादी, गुरे, भातशेती व कचऱ्यासाठी एडगार, पाणथळ जागांसाठी वेटचार्ट्स आणि वणव्यांसाठी जीएफईडी हे तयार जागतिक संच, ही मांडणी बरीच रूढ आहे. स्थानिक पातळीवर अधिक चांगली यादी असल्यास ती घ्यावी.

या टप्प्यावरील मोठी चूक म्हणजे दरवर्षी त्या-त्या वर्षाची यादी पूर्व-अंदाज म्हणून वापरणे. जेथे निरीक्षणे विरळ आहेत तेथे उत्तर पूर्व-अंदाजाजवळच राहते. त्यामुळे यादीतली घट उत्तरातही घट म्हणून उतरते, आणि उपग्रहाने घट सिद्ध केली असा भास होतो. मानवी स्रोतांचा पूर्व-अंदाज सर्व वर्षांसाठी गोठवून ठेवा, म्हणजे दिसणारा कल निरीक्षणांतून आलेला आहे असे म्हणण्यास आधार राहील. पाणथळ जागांचा ऋतुमानानुसार होणारा चढउतार ठेवावाच लागतो, मात्र त्यातला वर्षागणिक बदल घेतला की नाही हे स्पष्ट लिहा.

## टप्पा ५: बाहेरून येणारी हवा वेगळी करा

मिथेन वातावरणात सुमारे ९ वर्षे टिकते, त्यामुळे सीमेवरून आत येणारी हवा आधीच मिथेनने भरलेली असते. ही पार्श्वभूमी एका पीपीबीने चुकली, तरी पहिल्या टप्प्यातील उदाहरणात उत्सर्जनाचे उत्तर जवळपास निम्म्याने चुकेल. देशाच्या सरासरीतून जागतिक सरासरी वजा करून काम भागवू नका. उत्तर व दक्षिण गोलार्धांत प्रमाण वेगळे असते, आणि ऋतू बदलल्यावर वारा ज्या दिशेने येतो ती दिशाही बदलते.

गणनेचे क्षेत्र देशाच्या सीमेपलीकडे सर्व बाजूंनी काहीशे किलोमीटर वाढवा. कडांवरील मूल्ये प्रत्यक्ष निरीक्षणांशी जुळवून घेतलेल्या जागतिक वाहतूक-मॉडेलमधून (वाऱ्यासोबत वायू कसा वाहून जातो याची संगणकीय गणना) घ्या, आणि सीमेबाहेरच्या पट्ट्यातील उत्सर्जनही गणितात बदलू द्या. शेजारी देशातील खाणपट्टा सीमेला लागून असेल, तर तेथील वाढ तुमच्या देशाच्या खात्यावर पडण्याचा धोका यामुळेच कमी होतो.

तपासणी: वारा ज्या बाजूने येतो त्या कडेवरील निरीक्षणे आणि मॉडेल यांतील फरक महिनावार काढा. तो शून्याभोवती राहण्याऐवजी वर्षागणिक एका दिशेने सरकत असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: इन्व्हर्जन चालवा

इन्व्हर्जन म्हणजे वाहतूक-मॉडेल उलट दिशेने वापरणे: कोणत्या चौकटीतले उत्सर्जन किती बदलल्यास मॉडेलमधील प्रमाण निरीक्षणांशी जुळेल, याचा शोध घ्यायचा. जीईओएस-केम मॉडेलवर आधारलेले आयएमआय हे खुले साधन साधारण २५ किलोमीटर चौकटींवर हे काम करते. प्रथमच काम करणाऱ्याने स्वतःची आज्ञावली लिहिण्यापेक्षा येथून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

तीन गोष्टी विसरल्या जातात. मॉडेलमधील स्तंभाची सरासरी काढताना उपग्रहाचा ॲव्हरेजिंग कर्नल (कोणत्या उंचीवरील मिथेन उपग्रहाला किती जाणवते याचे वजन) लावावा लागतो, नाहीतर तुलना दोन भिन्न राशींची होते. एका चौकटीतील, एकाच फेरीतील दहा पिक्सेल ही दहा स्वतंत्र मोजमापे नव्हेत. त्यांच्या चुका परस्परांशी निगडित असतात, म्हणून त्यांचे एक संयुक्त निरीक्षण करून त्याला योग्य तेवढेच वजन द्यावे. आणि वर्षाच्या सुरुवातीच्या स्थितीचा परिणाम जावा म्हणून मॉडेल किमान एक महिना आधीपासून चालवावे.

इशारा: निरीक्षणांना अवाजवी वजन दिल्यास उत्तर गोंगाटाच्या मागे धावते. काही चौकटींत ऋण उत्सर्जन आणि त्यांच्या शेजारीच अफाट उत्सर्जन दिसणे, ही त्याची खूण आहे.

## टप्पा ७: खोटा बदल शोधून काढा

बहुतेक जण सहाव्या टप्प्यावर थांबतात आणि वर्षवार आकडे आलेखावर मांडतात. माझ्या मते सर्वांत अधिक वेळ या सातव्या टप्प्याला द्यायला हवा.

पुढील उदाहरण सावकाश वाचा. एका देशाचे खरे उत्सर्जन दोन्ही वर्षी ५० लाख टन आहे आणि पूर्व-अंदाज ४० लाख टन आहे. पहिल्या वर्षी ढग फार होते, त्यामुळे निरीक्षणे पूर्व-अंदाजातली निम्मीच चूक दुरुस्त करू शकली आणि उत्तर आले ४५ लाख टन. दुसऱ्या वर्षी आकाश अधिक मोकळे राहिले, ७० टक्के चूक दुरुस्त झाली आणि उत्तर आले ४७ लाख टन. आलेखात ४ टक्क्यांहून अधिक वाढ दिसते, प्रत्यक्षात उत्सर्जन तसूभरही हललेले नाही. वाढली ती निरीक्षणांची संख्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्रोपोमीच्या मिथेन-पिक्सेलची लांबी ७ किलोमीटरांवरून साडेपाच किलोमीटरांवर आणली गेली, तेव्हा अशी वाढ हवामानाविनाही झालेली आहे.

ऋतूंचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. उष्ण प्रदेशांत पाणथळ जागा आणि भातशेती पावसाच्या महिन्यांत सर्वाधिक मिथेन सोडतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ढगांमुळे उपग्रहाला जमीन दिसत नाही. एखाद्या वर्षी पाऊस लवकर थांबला आणि उत्सर्जन जोरात असतानाच आठ-दहा निरभ्र दिवस जास्त मिळाले, की वार्षिक सरासरी उचलली जाते.

यावर उपाय असा.

१. खऱ्या निरीक्षणांच्या नेमक्या जागा व वेळा घ्या. सर्व वर्षांसाठी उत्सर्जन स्थिर धरून, पण पूर्व-अंदाजाहून मुद्दाम वेगळे ठेवून, मॉडेलमधून बनावट निरीक्षणे तयार करा आणि त्यांत वास्तवाइतकी चूक मिसळा.

२. ही बनावट निरीक्षणे सहाव्या टप्प्यातील यंत्रणेतून जशीच्या तशी चालवा. उत्तरात कोणताही कल दिसला तर तो शंभर टक्के खोटा आहे, आणि तुमच्या पद्धतीची ओळखमर्यादा तेवढी आहे.

३. खऱ्या डेटातही जास्त निरीक्षणांची वर्षे विरळ करून सर्व वर्षांची महिनावार संख्या सारखी करा आणि इन्व्हर्जन पुन्हा चालवा. कल नाहीसा झाला, तर तो उत्सर्जनाचा नव्हता.

४. निरीक्षणांनी पूर्व-अंदाजाची किती टक्के दुरुस्ती केली, हे प्रत्येक वर्षासाठी आणि चौकटीसाठी छापा. ज्या चौकटींत ही संवेदनशीलता अत्यल्प आहे, त्यांच्यावरून कल सांगू नका.

## टप्पा ८: क्षेत्रवार वाटणी जपून करा

उपग्रहाला गाय आणि कोळसा-खाण यांतून निघालेल्या मिथेनमधला फरक कळत नाही. एका चौकटीत पूर्व-अंदाजानुसार ७० टक्के पशुधन आणि ३० टक्के कोळसा असेल, तर नेहमीची पद्धत झालेली दुरुस्ती त्याच प्रमाणात वाटते. नवी खाण सुरू झाली तरी वाढीचा ७० टक्के भाग गुरांच्या नावावर जातो. म्हणून ज्या चौकटींत एकाच क्षेत्राचे स्पष्ट वर्चस्व आहे, त्यांचाच क्षेत्रवार कल ठामपणे सांगावा. उरलेल्या ठिकाणी भातशेतीचा हंगाम, वणव्यांच्या तारखा किंवा टिपलेले झोत यांचा पूरक पुरावा द्यावा. झोत टिपणारे उपग्रह कामी येतात ते नेमके येथे, बदलाचे कारण दाखवण्यासाठी. समुद्रातील तेल व वायूविहिरींबाबत तर फारच सावध राहावे, कारण पाण्यावर सूर्यप्रकाश थेट परावर्तित होणाऱ्या कोनातच निरीक्षणे मिळतात.

## टप्पा ९: अनिश्चितता आणि स्वतंत्र पडताळणी

गणितातून आपोआप निघणारी अनिश्चितता जवळजवळ नेहमीच फार लहान असते, कारण ती सर्व गृहीतके बरोबर धरून चालते. तीवर समाधान मानू नका. पूर्व-अंदाजातील चूक, निरीक्षणांचे वजन, वाऱ्याच्या माहितीचा स्रोत, कडांवरील मूल्ये आणि डेटाचा संच यांत एकेक बदल करून निदान डझनभर वेळा इन्व्हर्जन चालवा. सर्व उत्तरांचा पल्ला हीच प्रामाणिक अनिश्चितता होय. पातळीत उत्तरे वेगवेगळी येऊनही कल सर्वांत सारखा राहिला, तर तो अधिक विश्वासार्ह ठरतो.

त्यानंतर गणितात न वापरलेला पुरावा समोर ठेवा. सुधारित उत्सर्जन मॉडेलमध्ये घालून गोसॅटची निरीक्षणे, टीसीसीओएन या स्तंभातील वायू मोजणाऱ्या जाळ्यातील जमिनीवरची स्थानके किंवा विमानातून घेतलेली मोजमापे यांच्याशी तुलना करा. जुळणी पूर्व-अंदाजापेक्षा सुधारली पाहिजे. ती बिघडली, तर तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा तपासा.

## टप्पा १०: अधिकृत आकड्यांशी तुलना

तुलनेपूर्वी दोन्ही बाजू समान करा. राष्ट्रीय अहवालात नैसर्गिक पाणथळ जागा नसतात, त्यामुळे उपग्रहाच्या बेरजेतून नैसर्गिक वाटा वजा करूनच शेजारी आकडा ठेवावा, आणि त्या वजाबाकीची अनिश्चितताही सोबत न्यावी.

दोन्ही आकडे मिथेनच्या टनांत घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्यात रूपांतर करण्यासाठी अहवालांत २१, २५ आणि २८ हे तिन्ही गुणक वेगवेगळ्या काळी वापरले गेले आहेत. गुणक २५ वरून २८ वर गेला, की उत्सर्जन न बदलताही आकडा १२ टक्क्यांनी वाढतो. तसेच देश पद्धत सुधारतात तेव्हा मागील वर्षांचे आकडेही नव्याने काढतात, म्हणून पहिले वर्ष जुन्या अहवालातून आणि शेवटचे वर्ष नव्या अहवालातून घेऊ नये. सर्वांत अलीकडच्या अहवालातील पूर्ण मालिका घ्यावी.

निष्कर्षाच्या वाक्यात कालखंड, दरवर्षीचा बदल, त्याचा पल्ला आणि बनावट निरीक्षणांच्या चाचणीतून निघालेली ओळखमर्यादा, या चारही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. बदल या मर्यादेपेक्षा लहान असेल, तर "या पद्धतीने बदल ओळखता आला नाही" असे लिहावे. "बदल झाला नाही" हे वेगळे विधान आहे आणि ते करण्याचा अधिकार या पुराव्याने मिळत नाही.

पुढच्या वर्षाचा डेटा आल्यावर तो जुन्या आलेखाला नुसता जोडू नका. आवृत्ती, गाळणी, पूर्व-अंदाज आणि कडांवरील मूल्ये एकच ठेवून पहिल्या वर्षापासून सर्व गणना पुन्हा चालवा, आणि सातव्या टप्प्यातील चाचणीही वाढलेल्या कालखंडासह नव्याने करा.